शिडावरचा फोटो
वळ गावातल्या एका गोदामाजवळून जाताना फायबरच्या बोटींना लावतात त्या रेझिनचा उग्र वास आला आणि खाडीवरची एक दुपार आठवली. गोदामांच्या एका मालकाने हौसेने शिडाची बोट बांधून घेतली होती. त्याच्या वाढदिवसाला ती पाण्यात उतरणार होती. बोट गाळात रुतेल म्हणून त्याने तळाला वजनासाठी बसवलेलं निम्मं शिसं कापायला लावलं. शीड मात्र वाढवून घेतलं, कारण त्यावरचा त्याचा गॉगल घातलेला फोटो पुलावरून दिसायला हवा होता. बोटीचा आराखडा केलेल्या बाई काठावर पुन्हा सांगत होत्या, “वजनाच्या मानाने शीड किती, हा भागाकार जेवढा मोठा, तेवढी बोट पळते. पण वाऱ्यात तिला सरळ ठेवतं ते शिसं. तेच कमी केलंत, तर ती आडवी होणार. आज सोडू नका.” तो हसला. “म्याडम, माजा बापूस याच खाडीन होरी चालवायचा. त्यानं कवा भागाकार केला नाय.” सुकाणूवर त्याने धाकट्या भावाला बसवलं. “दादा, शीड जरा उतरवू का?” भावाने विचारलं. “मंग लोकांना काय नुसता गॉगल दाखवतंस?” पहिल्याच झोताला बोट आडवी झाली आणि भाऊ ओल्या शिडाखाली अडकला. रंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेल्या त्या काळ्या पाण्यातून त्याला ओढून काढलं, तेव्हा तो ओकत होता. मालकाने त्याला ओलांडून गर्दीला विचारलं, “शीड उभं होतं तवाचा व्हिडिओ कोनी काढला का?” तिघाचौघांनी हौसेने मोबाईल पुढे केले. आजही तो मालक भेटला की हात पुढे करतो. मी लांबूनच नमस्कार करतो.