शेंदराची पाच बोटं

मला जुने पेट्रोल पंप जमवायचा नाद आहे. म्हणजे ते उभं मशीन असतं ना, ते. भंगारातून आणायचं, खोलायचं, घासायचं, रंगवायचं, की लगेच फोटो. आई म्हणते, "लोकं गाडी घेतात, ह्यानं गाडी नसताना पंप घेतलाय."

तीन आहेत आमच्या पार्किंगमधी. सगळ्यात भारी गंगापूरजवळच्या एका काकांचं. हातानं दांडा हलवायचा, वरच्या काचेच्या भांड्यात पेट्रोल चढायचं, मग नळीनं गाडीत. काकांची सगळी नोकरी त्यावरच गेली. पंप बंद झाला तेव्हा मालकानं ते त्यांनाच देऊन टाकलं, तेव्हापासून गोठ्यामागं उभं. मी सहा चकरा मारल्या तेव्हा कुठं हो म्हणाले, ते पण फुकट. फक्त एक सांगितलं, "रंग पायजे तो दे. मशीनच्या दाराला आतून हात लावू नको."

तिथं तेलात कालवलेल्या शेंदराची पाच बोटं होती. काकू दर खंडेनवमीला मशीनची पूजा करायच्या आणि त्याच जागी बोटं उमटवायच्या. थरावर थर. काकू आता नाहीत.

"व्हय काका, टेन्शन नाय," मी म्हणालो.

आणि वाळूजच्या एका वर्कशॉपात सगळे पत्रे वाळूचा मारा करून गंज काढायला टाकून आलो. दार बाजूला काढायचं होतं. मी काचेचं भांडं चमकवून त्याचा व्हिडिओ टाकत होतो, कमेंट वाचत होतो, विसरलो. पत्रे आले ते सगळे सारखे, कोरे. दार कुठलं ते बिजागरीवरून ओळखलं.

खंडेनवमीला काका आले, कडक धुतलेली टोपी, पिशवीत झेंडू. लाल रंग बघून लई खुश. दांडा हलवून बघितला. "नवरीवानी सजवलंस की रे." मग दार उघडलं.

मी घाईघाईत बोलून गेलो, "गंज लई होता काका, तिथला पत्राच गेला होता. नवीन टाकावा लागला."

काका पत्र्यावरनं तळहात फिरवत राहिले. "माझंच चुकलं," म्हणाले. "पावसात उघडं ठेवलं मी. ती कितीदा म्हणायची, वरून काहीतरी झाका."

तेव्हाच खरं सांगायला पाहिजे होतं. मी विचारलं, "चहा ठेवू का?"

त्यानंतर दोनदा गंगापूरला जाऊन आलो. बोललोच नाय. काकांनी आता गोठ्यामागच्या सगळ्या जुन्या सामानावर ताडपत्र्या बांधल्यात.