दूधबाटलीतलं तेल

दाजी गेल्याचा फोन ताईने सकाळी साडेसहाला केला. दुसरा फोन अर्ध्या तासाने आला, आणि तो दाजींची मोटरसायकल सध्या कुठे उभी आहे हे विचारायला होता. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या श्रीमंत लोकांचा गुडगावात एक क्लब आहे, त्याचे अध्यक्ष बोलत होते. “अंकल जी, बहुत बड़ा लॉस हो गया,” असं म्हणून त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि तो पुरता संपायच्या आत विचारलं, “बाइक अंदर ही खड़ी है ना? धूप में तो नहीं?” मी नोएडातल्या घरात तोंडाला दाढीचा साबण फासून उभा होतो. माणूस अजून घरातून हलला नव्हता आणि यांना गाडीच्या रंगाची काळजी. संध्याकाळी त्यांच्या ग्रुपवरचा श्रद्धांजलीचा फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. त्यात मोटरसायकल पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत पूर्ण होती, दाजींचं डोकं मात्र अर्धं कापलं गेलं होतं. खाली ‘लेजंड’ असं लिहिलं होतं आणि आडनावात दोन चुका होत्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त हवालदार दत्तात्रय फडतरे. गाव खटाव तालुक्यातलं, नोकरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची, आणि निम्मं आयुष्य दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. माणूस गेला की तो एकदम प्रेमळ, हसतमुख वगैरे होतो. दाजी यातलं काहीही नव्हते. तिरसट होते, हेकट होते, आणि समोरच्याला काही कळत नाही हे त्याला तोंडावर सांगण्यात त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीला लागलो, सरोजिनी नगरमध्ये क्वार्टर मिळेपर्यंत वर्षभर त्यांच्याकडे राहिलो, आणि त्या वर्षात मी पदवीधर आहे हे त्यांनी एकदाही ऐकल्यासारखं केलं नाही. मीही मनातल्या मनात त्यांना अडाणी म्हणत असे. मनातल्या मनात म्हणायला काय जातं!

ती मोटरसायकल त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घेतली. एका वकिलातीतला कुणी गोरा कारकून ती जर्मनीहून सोबत घेऊन आला होता आणि बदली झाल्यावर मेलेल्या अवस्थेत टाकून चालला होता. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हता. पिस्टनच्या जागी एक फुगीर त्रिकोण गरागरा फिरायचा, आणि त्या त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन बारीक पट्ट्या होत्या. या पट्ट्या इंजिनाच्या आतल्या भिंतीला घासत फिरतात, त्यांना तेल लागतं, आणि ते तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं असतं. म्हणजे ते तिथे जाऊन जळणारच. इथपर्यंत मलासुद्धा कळलं. पुढचं जे दिल्लीतल्या भल्याभल्यांना कळलं नाही, ते दाजी मला हजार वेळा सांगत. “तेल भारी पायजे असं कोण म्हणतं? जळून साफ गेलं पायजे. जे तेल मागं काय ठेवत न्हाई ते चांगलं.” त्या गोऱ्याने कुणाच्या तरी सल्ल्याने बाजारातलं सगळ्यात महाग तेल घातलं होतं. त्याची काजळी धरली, पट्ट्या खाचेत चिकटून बसल्या आणि गाडी बंद पडली. दाजींनी ती भंगाराच्या भावात उचलली, पट्ट्या आठवडाभर रॉकेलमध्ये भिजत घातल्या आणि गाडी सुरू केली. त्यानंतर चाळीस वर्षं ते या एका गोष्टीवरून साऱ्या जगाला मूर्ख समजत आले.

तेल पारखायची त्यांची एक रीत होती. पत्र्याचा एक तुकडा स्टोव्हवर धरायचा, त्यावर तेलाचा थेंब टाकायचा, तो पूर्ण जळू द्यायचा आणि मग जो डाग उरेल त्यावर अंगठा फिरवायचा. डाग पुसला गेला तर तेल पास. चिकटून राहिला तर नापास. करोलबागेतल्या दुकानांत ते हा पत्रा पिशवीत घालून जात आणि मला लाज वाटे, कारण बरोबर मी असे. “फौजी साहब, इम्पोर्टेड माल है, आँख बंद करके ले जाओ,” असं एका दुकानदाराने म्हटलं तेव्हा दाजी म्हणाले, “आँख बंद करके तो तुम बेच रहे हो. जलाके दिखाओ.” दुकानात स्टोव्ह नव्हता. दाजींनी शेजारच्या चहावाल्याचा मागून आणला. चार महागडे डबे नापास झाले आणि साध्या स्कूटरमध्ये घालतात ते स्वस्त तेल पास झालं. दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण मी ते पाहिलं नाही, मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा होतो. आणि माप? लिटरला वीस मिली. त्यासाठी त्यांना काचेचं माप हवं होतं, तर एका रविवारी आमच्या घरी जेवायला आले असताना त्यांनी माझ्या मुलीची दूधबाटली खिशात घातली. तिच्यावर मिलीच्या खुणा असतात ना! मुलगी संध्याकाळी रडून रडून लाल झाली तेव्हा चोरी उघडकीला आली. “तिला वाटीनं पाजा, मोठी झाली की आता,” हे त्यांचं उत्तर.

आता मुद्द्याचं सांगतो. मी सेक्शन ऑफिसर झालो त्या वर्षी माझा एक सहकारी परदेश दौऱ्यावरून येताना माझ्यासाठी तेलाचा डबा घेऊन आला. सोनेरी डबा, त्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र. मी तो दिवाळीला दाजींना भेट दिला, आणि तोही ऑफिसातली दोन माणसं सोबत नेऊन, म्हणजे माझी ऐट त्यांनाही दिसावी. दाजींनी थँक यू वगैरे काही म्हटलं नाही. आत गेले, पत्रा घेऊन आले, फराळाच्या ताटांशेजारी स्टोव्ह पेटवला आणि थेंब जाळला. डाग चिकटला. त्यांनी अंगठा घासून घासून सगळ्यांना दाखवला आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. “पाव्हणं, ह्ये तुमीच ठेवा. डोक्याला लावा, केस तरी येतील.” तिशीतच माझं टक्कल पडायला लागलं होतं. सहकारी पोट धरून हसले. सोमवारपर्यंत सगळ्या सेक्शनला ही गोष्ट माहीत झाली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात दाजींची आई आजारी पडली आणि ते लांब रजा घेऊन ताईसह गावी गेले. जाताना गाडी माझ्या क्वार्टरखाली लावली, दूधबाटली आणि तेलाचा साधा डबा माझ्या हातात दिला आणि दर रविवारी एक फेरी मारायला सांगितलं. विश्वास ठेवला, असं आता म्हणायला हवं. तेव्हा मला ती फक्त आणखी एक हुकूमशाही वाटली. मी त्यांचं साधं तेल खालच्या मजल्यावरच्या स्कूटरवाल्याला देऊन टाकलं आणि माझा सोनेरी डबा फोडला. तेल महागाचं आहे तर हात कशाला आखडा, म्हणून वीसच्या जागी चाळीस मिली घातलं. माझी कल्पना अशी होती की ते परत आल्यावर गाडी पहिल्यापेक्षा छान चालेल, आणि मग मी डबा दाखवून सगळ्यांसमोर त्यांचा अंगठा त्यांनाच दाखवीन. चार महिने मी रविवारी फेऱ्या मारल्या. शेवटी शेवटी गाडी धूर ओकायला लागली, मग किक पोकळ लागायला लागली, आणि मी डबा गुपचूप कचऱ्यात टाकला. दाजी आले, त्यांनी एक किक मारली आणि गाडी ढकलत ढकलत घरी नेली. सरोजिनी नगरपासून कॅन्टोन्मेंटपर्यंत... ऑगस्टच्या उकाड्यात. मी बरोबर गेलो नाही. ऑफिस होतं.

इंजिन खोललं तर दोन पट्ट्या चिकटलेल्या आणि एक तुटलेली. नवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दाजींनी जुन्या ट्रकच्या इंजिनाचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापून ती पट्टी कानशीने घासून बनवली. ड्यूटीवरून आल्यावर रोज तासभर, असे दोन हिवाळे गेले. पाच-सहा पट्ट्या बनवून फेकल्या असतील. कुणी विचारलं तर म्हणत, “माझीच चूक झाली. तेल वळखायला चुकलो.” आयुष्यात या माणसाने स्वतःची चूक कबूल केलेली मी तेवढीच ऐकली, आणि ती त्याची नव्हती. मी समोर बसून चहा पीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी तेव्हा बोललो नाही, पुढच्या हिवाळ्यात बोललो नाही, आणि मग त्यांच्याकडे जाणंच कमी केलं. दिवाळी, भाऊबीज, एखादं बारसं. ते निवृत्त होऊन द्वारकेच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला गेले, मी नोएडाला. मेट्रो झाल्यावर तर तीही अडचण उरली नाही, एकाच ब्लू लाइनवर नुसतं बसून राहायचं होतं. पण जायचं नसलं की माणसाला गुडघेदुखी पुरते. दाजी फोनवर एवढंच विचारायचे, “रविवारी काय करताय पाव्हणं?” मी म्हणायचो, बघतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबवाले आले. पाच जण, वैशाखातल्या उन्हात कातडी जाकिटं घालून. त्यांना दाजींच्या स्मरणार्थ गाडी सुरू करायची होती आणि मग ‘जतन करण्यासाठी’ कुणाच्या तरी फार्महाउसवर न्यायची होती. न्यायला ताईने साफ नकार दिला, पण सुरू करायला ती हो म्हणाली. तिला एकदा आवाज ऐकायचा होता. दाजींच्या शेवटच्या आजारपणात गाडी पाच-सहा महिने बंदच होती. पार्किंगमध्ये ताईसाठी खुर्ची टाकली. अध्यक्षांनी टाकीचं झाकण उघडलं, जाकिटातून एक डबा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. “फुल्ली सिंथेटिक, आंटी. अंकल के लिए बेस्ट से बेस्ट.”

डबा सोनेरी होता.

चाळीस वर्षांत कंपन्यांना दुसरा रंग सुचला नाही आणि मूर्खांना दुसरी अक्कल. मी ओरडलो. “मत डालो! पट्टियाँ चिपक जाएँगी.” अध्यक्ष समजूतदारपणे हसले, म्हाताऱ्यांशी हसतात तसे. “अंकल, आपको गलतफहमी है. ये सबसे महँगा वाला है. आपको कैसे पता कि चिपकेंगी?” आता काय सांगणार? दाजी म्हणायचे, असं सांगता आलं असतं. पण त्या माणसाने डबा टाकीवर तिरका केला होता आणि ताई खुर्चीत पदर मुठीत धरून बसली होती. मी म्हणालो, “कारण मीच घातलं होतं. तुम्ही गावी गेला होतात तेव्हा. दाजींची चूक नव्हती, ताई. मी घातलं, आणि दुप्पट घातलं.” हे सगळं मराठीत बोललो. क्लबवाल्यांना ते कळायची गरज नव्हती.

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “माहितीये रे. त्यांनी त्याच दिवशी टाकीचा वास घेऊन सांगितलं होतं मला. म्हणाले, त्याला बोलू नकोस. लाजेल आणि यायचा बंद होईल.”

ज्या माणसाला दुकानदाराचा, साहेबाचा, पाहुण्याचा मुलाहिजा ठेवणं कधी जमलं नाही, त्याने माझ्यासाठी सगळ्यांत अडाणी ठरणं पत्करलं होतं, का तर मी रविवारी यावं. आणि मी तसाही यायचा बंद झालोच होतो. एवढी वर्षं मी ज्याला तिरसट म्हणत आलो त्याच्या तोंडून ही गोष्ट एकदाही सुटली नाही. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते त्या पाच जाकिटांसमोर रडलो. अध्यक्षांनी डबा न ओतताच टाकीवरून बाजूला घेतला.

ताई उठली, आत गेली आणि दूधबाटली घेऊन आली. वीसच्या खुणेची रेघ दाजींच्या अंगठ्याने पुसली गेली आहे, तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, ताईनेच लावलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातलं स्कूटरचं तेल मी ठिपक्यापर्यंत भरलं, लिटरभर पेट्रोलमध्ये हलवलं आणि टाकीत ओतलं. सातव्या किकला गाडी सुरू झाली. हातानं घासलेल्या पट्टीची गाडी... पातळ निळा धूर आला आणि तो एकसुरी घुमणारा आवाज पार्किंगभर झाला. ताई डोळे मिटून बसली होती. अध्यक्षांनी वाकून माझ्या कानाशी विचारलं, “अंकल, ये कौन सा ऑयल है?” मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दाजी असते तर पत्रा आणला असता. मी तेवढे कष्ट घेतले नाहीत.

तो सोनेरी डबा ते जाताना विसरून गेले. ताई त्यातलं तेल दाराच्या बिजागऱ्यांना घालते आणि कुरकुर काही थांबत नाही म्हणते. बाटली ती गरम पाण्याने धुऊन ओट्यावरच्या जाळीत पालथी ठेवते, पेल्यांच्या रांगेत. मी आता दर रविवारी ब्लू लाइनने द्वारकेला जातो, हातपाय धुतो आणि फेरीआधी तेल मोजायला ती बाटली सुलटी करतो. गुडघा दुखतो. गेल्या रविवारी तो चोळत बसलो होतो तेव्हा ताई म्हणाली, “ते दर रविवारी पेट्रोल दोन फेऱ्यांचं कालवायचे. एक फेरी मारायचे आणि उरलेलं ठेवायचे, तू आलास तर म्हणून.”