आहे म्हणजे आहे

माझे वडील मुलुंडला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर होते आणि रविवारी आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश करायचे. आठवडाभर ते वर्गात माणूस माकडापासून कसा झाला ते शिकवत आणि रविवारी त्याच तोंडानं, देवानं मातीचा माणूस केला आणि त्याची फासळी काढून बाई केली, हे सांगत. यात त्यांना काही खटकत नसे. शास्त्रात जे लिहिलंय ते लिहिल्याप्रमाणे, असा त्यांचा खाक्या होता. योना संदेष्टा तीन दिवस माशाच्या पोटात होता म्हणजे होता. आई कधी म्हणालीच, की एवढा मासा एकदा तरी भाऊच्या धक्क्यावर यायला हवा होता, तर ते ऐकलं न ऐकलं करून चष्मा पुसत बसत.

फक्त एका ठिकाणी हा खाक्या उलटा व्हायचा. शेवटच्या जेवणाला प्रभूनं भाकर मोडली आणि ती आपलं शरीर आहे असं सांगून शिष्यांना दिली, तिथं. तिथला 'आहे' शब्दशः घ्यायचा नाही, ती खूण आहे, आठवण आहे, असं ते ठासून सांगत. कॅथलिक लोक तिथं 'आहे' म्हणजे खरोखरीच आहे असं मानतात, ही पप्पांच्या लेखी कॅथलिकांची सगळ्यात मोठी चूक. पुढे मला कळलं, की त्याच कॅथलिकांचे फादर सहा दिवसांत जग घडल्याची गोष्ट मात्र खुशाल रूपक म्हणून सांगतात. म्हणजे शब्दशः कुठं घ्यायचं आणि कुठं नाही, हे ज्याचं तो ठरवतो आणि ठरवताना आपली सोय बघतो. हे मला मंडळीत कुणी शिकवलं नाही. ते मी मालाडला शिकले.

आम्ही मूळचे नगरकडचे. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते महार होते, आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांची सगळी वस्ती ख्रिस्ती झाली. मुलुंडला आमच्या चाळीत बहुतेक कोकणातली कुटुंबं, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम धरलेली. त्यांना आमचं कोडं सुटायचं नाही. ख्रिश्चन आहात तर तुझी आई फ्रॉक का घालत नाही, असं मला लहानपणापासून विचारलं गेलं. आई नऊवारीतून पाचवारीवर आली होती हीच तिची प्रगती. नाताळात आमच्याकडे करंज्या असत, पेटी-तबल्यावर भजनं असत, आणि केक शेजारच्या इराण्याच्या बेकरीतून विकत आणलेला.

पलीकडच्या खोलीत माझी मैत्रीण राहायची. तिचे लोक आणि आमचे लोक मूळचे एकच. ते बुद्धाकडे गेले, आम्ही त्याआधी येशूकडे. कॉलेजात प्रवेश घेताना तिला फीची सवलत मिळाली आणि मला खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, "ख्रिश्चनला जात नसते, बाई." सरकारनं आमचा बाप्तिस्मा असा अक्षरशः मानला होता. मला तेव्हा रागही आला आणि थोडं बरंही वाटलं. सवलत गेली तर गेली, पण कुणीतरी सरकारी शाई लावून सांगतंय ना की ते सगळं धुऊन निघालं. मी इतकी मूर्ख होते.

कॉलेज अर्धवट सोडून मी टायपिंग शिकले आणि अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत लागले. तिथं स्टोअर्समध्ये तो होता. मालाडच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन कॅथलिक. म्हणजे मुंबईच्याच मातीतली ही माणसं, बोलायची मराठीच, फक्त नावं पोर्तुगीज. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत त्याला शुक्रवारी मटण चालायचं नाही, मासळी चालायची. त्यामुळे दर शुक्रवारी तो माझ्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण चाटूनपुसून संपवायचा. उपास त्याचा आणि उपाशी मी. तेवढ्यावर सुरुवात झाली, आणि पुढच्या ईस्टरपर्यंत आम्ही लग्न करायचं ठरवलंही.

त्याचे वडील नव्हते. घर आईच्या शब्दावर चालायचं. मी त्यांना आंटी म्हणायचे. सुती लुगडं, कानात जड सोन्याच्या कड्या, जीभ तिखट आणि हात सढळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या ताटात फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, वाढता वाढता मला हसवून बेजार केलं. मला त्या फार आवडल्या, हे सांगायला आजही जीभ जड होते.

मग एका रविवारी आई, पप्पा आणि मी बस बदलत, आरे कॉलनीतून मालाडला गेलो. जेवणं झाली, सुपारी झाली, आई, तो आणि मी आत गेलो, आणि थोड्या वेळानं बाहेर पप्पांनी अचानक त्या 'आहे'चा विषय काढला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लग्नाच्या बोलणीत कुणी हे काढतं का? पण आंटीही सरसावून बसल्या. पप्पा म्हणाले, प्रभू स्वतःला दार म्हणतो, द्राक्षवेलही म्हणतो. मग त्याला बिजागऱ्या होत्या का, पानं फुटली होती का? जिथं 'आहे' म्हटलंय तिथं सगळीकडे तसंच्या तसं घेतलं तर पंचाईत होईल.

आंटी शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, माणूस रोजचं बोलतो ते वेगळं. मरायच्या आदल्या रात्री बोलतो ते वेगळं. आहे म्हणजे आहे."

आम्ही दोघं आतल्या खोलीत तोंडावर रुमाल दाबून हसत होतो. आमच्या लग्नात एवढंच आडवं येणार असेल तर आम्ही जिंकलोच, असं त्याला वाटत होतं आणि मलाही.

पण ते भांडण संपेचना. कधी आंटी मुलुंडला यायच्या, कधी आम्ही जायचो, आणि दर वेळी गाडी त्याच शब्दावर अडायची. आंटी म्हणायच्या, पोरगी हे मानत नाही तर आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे कशी उभी राहील? पप्पा म्हणायचे, जे तिला पटत नाही ते ती कसं म्हणेल? एकदा ते आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारून नवीनच मुद्दा घेऊन आले. प्रभू ज्या भाषेत बोलत होता त्या भाषेत अशा वाक्यात 'आहे' हा शब्द बोलतच नाहीत म्हणे. आपण 'हा माझा भाऊ' म्हणतो आणि झालं, तसं. ते ऐकून आंटी म्हणाल्या, मग तर बरंच झालं, जो शब्द नव्हताच त्याच्यावर तुम्ही कशाला अडून बसलात? पप्पा चष्मा पुसू लागले. मला मनातून आंटींचंच पटलं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. आई माझ्यावर चिडायची, पप्पांवर चिडायची. तिचं म्हणणं सरळ होतं, भाकर भाकरच असते आणि पोरीचं वय वाढत असतं. मीही पप्पांशी धड बोलत नव्हते. एका शब्दासाठी हा माणूस माझं आयुष्य अडवून बसलाय, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते शाळेतून आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "तू त्यांच्या वेदीवर जा. त्यांची भाकर घे."

मी विचारलं, आणि तो शब्द? ते कपाकडे बघत म्हणाले, "आहे तर आहे."

त्यांनी नुसतं म्हटलं नाही. पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितलं, माझी मुलगी तिकडे जातेय, आता मला उपदेशाला उभं करू नका. मला आठवतं तेव्हापासून ते तिथं उभे राहत आले होते. त्या रविवारी ते मागच्या बाकावर बसले, आणि दुसराच कुणी उभा राहून अडखळत बोलत होता. मला त्यांची इतकी दया आली की माझ्या आनंदाला चव राहिली नाही. तरी आनंद होताच. अडथळा गेला होता.

मी एकटीच मालाडला गेले. उन्हाळा होता. आंटी व्हरांड्यात वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मीही बसले आणि देठं काढता काढता सगळं सांगितलं. पप्पांनी हरकत सोडली. फादर जे शिकवतील ते मी शिकेन, मुलं तुमच्या चर्चमध्ये जातील. आणि तो शब्द मी मानते. खरं सांगायचं तर मला तो तेव्हा खरोखर पटतही होता. एखाद्यानं मरायच्या आदल्या रात्री हातात काही ठेवलं, तर त्याला नुसती खूण का म्हणायचं?

आंटी मिरच्यांची देठं काढतच राहिल्या. त्यांचा चेहरा खुलला नाही. मग म्हणाल्या, "ते झालं गो पोरी. पण आमचे लोक विचारतात."

काय विचारतात, असं मी म्हटलं.

"तुझे आजे-पणजे गावात राहायचे, का गावाबाहेर?"

मला कळायला क्षणभर लागलं. मग मी सांगितलं, गावाबाहेर. खोटं कशाला बोलायचं? आणि पप्पांची मुलगी म्हणून मी शास्त्राचाच आधार घेतला. पौलानं स्पष्ट लिहिलंय ना आंटी, ख्रिस्ताकडे आल्यावर यहूदी कोण, ग्रीक कोण, दास कोण, हा भेद उरत नाही, सगळे एकच?

त्यांनी मिरची खुडली आणि टोपलीत टाकली. "ते आत्म्याचं आहे, पोरी. ते असं शब्दशः धरायचं नसतं."

रागावून म्हणाल्या नाहीत. खोकल्यावर औषध सांगावं तितक्या सहज म्हणाल्या. त्यांच्या पूर्वजांना पाद्र्यांनी बाप्तिस्मा दिला त्याला कित्येक पिढ्या लोटल्या होत्या, पण त्याआधी आपण कोण होतो हे त्या गावठाणात घराघराला पाठ होतं. मी उठले, तर माझा हात धरून म्हणाल्या, तू पोर गुणाची आहेस, उन्हाची कुठे जातेस, जेवून जा. मी हात सोडवून घेतला. मिरच्यांचे हात तसेच डोळ्यांना लागले आणि बसस्टॉपवर लोकांना वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. मला त्या घराला आग लावावीशी वाटत होती.

राहिला तो. कंपनीच्या आवारात मी त्याला गाठलं. आईनं काय विचारलं हे त्याला माहीत होतं. कधीपासून, हे मी विचारलं नाही. तो म्हणाला, थांबूया, आई विरघळेल. आणि आपण मनानं एकच आहोत ना, त्याला कागद कशाला हवा? म्हणजे आमचं लग्नसुद्धा आता रूपक झालं होतं. मला रूपक नको होतं. मला कुकर हवा होता, गॅसचा नंबर हवा होता, दारावर दोघांची नावं हवी होती. मी त्याला हे सगळं सांगितलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की आईला सोडून माझ्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहशील का? तो स्टोअर्सच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिला. पुढच्या वर्षी गोराईच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. ऑफिसात केक वाटला गेला. मी खाल्ला नाही, आणि का नाही हे कुणी विचारलंही नाही.

घरी मी खरं सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं माझ्यासाठी आपला शब्द सोडला, त्याला मी कसं सांगणार, की शब्दाचा प्रश्नच नव्हता? मी सांगितलं, त्यांना माझा भरवसा वाटत नाही, मी वरवर मानते असं त्या म्हणाल्या, त्या 'आहे'वरूनच मोडलं. आईनं मालाडवाल्यांचा उद्धार केला. पप्पांनी वह्या पुढ्यात ओढल्या. पाळकसाहेब घरी येऊन गेले, तरी ते पुन्हा उपदेशाला उभे राहिले नाहीत.

त्याच्या लग्नाचा केक वाटला त्या दिवशी मी लवकर घरी आले. आई बाजारात गेली होती. पप्पा वह्या तपासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गावाबाहेरचं विचारलं ना तुला?"

मी चपापले. तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं.

"मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही आत होतात."

मग माझा तोल गेला. वर्षभर तो शब्द घेऊन मग कशाला भांडत बसलात, असं मी ओरडले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, शास्त्रावर भांडत होतो तोवर ती बाई मला मास्तर म्हणत होती. बरोबरीनं बोलत होती. ते भांडण थांबलं की दुसरं निघणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"मग सोडलात कशाला तो शब्द? मला तिथं पाठवलंत कशाला?"

त्यांनी पुढ्यातली वही मिटली. "मला वाटलं, तेवढं एक कारण काढून घेतलं, तर जे उरतं ते पोरीच्या तोंडावर बोलायची तिला लाज वाटेल."

"नाही वाटली, पप्पा," मी म्हटलं. "जेवून जा म्हणाली."