वशिल्याचं तट्टू

घोडदळातून मी दफेदार म्हणून निवृत्त झालो आणि देवणी तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. सरपंच माझे सख्खे मामा. त्यांनी पूर-बचाव पथक काढलं आणि त्याच्या दोन बोटींचं कमांड मला दिलं. मला धड पोहताही येत नव्हतं. पथकात नौदलातून निवृत्त झालेले लीडिंग सीमन बळीराम होते, मूळचे अर्धापूरचे, आमच्या गावचे जावई. खरा मान त्यांचाच होता. ते एवढंच म्हणाले, "दफेदारसाब, बोटीला लगाम नसतो बगा." सगळे हसले. मीही हसलो. वशिल्याच्या तट्टाने दुसरं काय करायचं!

त्या पावसाळ्यात मांजरा नदीला पूर आला. सकाळी सव्वासहाला ग्रामपंचायतीतून वायरलेसवर निरोप आला.

"बोट एक, टेकाडावर सात माणसं. पाणी चढून राहिलंय. ओव्हर."

बळीराम आणि मी साडेसहाला पोचलो. माणसं सात, देवणी जातीची गुरं अकरा. घरधनीण शेवंताबाई बोटीत बसेना, म्हणून बाकीचेही बसेनात.

"जितराबाला सोडून म्या येत न्हाई. बुडालं तर संगंच बुडू."

"ऑर्डर द्या, साब," बळीराम म्हणाले. "टायम न्हाई."

मला नदी ओलांडण्याचा जुना सराव आठवला. भर धारेत मी घाबरलो होतो आणि माझ्या घोडीचा, चांदणीचा, लगाम आवळला होता. तिचं डोकं पाण्याखाली गेलं. मला सोबत्यांनी ओढून काढलं. ती गेली. गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कळपाच्या पुढं चालणारी गाय कोणती?" मी विचारलं.

"ही, कपिली."

कपिलीचं दावं हाती देऊन शेवंताबाईला बोटीत मागे बसवलं, तसे बाकीचेही बसले. "दावं सैल ठेवा. ओढायचं नाही. पोहणं तिला येतं."

बळीरामनी इंजिन मंद केलं. कपिली उतरली, मागून सगळी उतरली. मध्यात ती आडवी झाली आणि शेवंताबाईची मूठ आवळली.

"सैल!" मी ओरडलो.

मूठ सुटली. कपिलीने मान वर काढली.

सात वाजून दहा मिनिटांनी मी वायरलेस उचलला. "सात माणसं, अकरा गुरं. सगळी काठावर. ओव्हर."

काठावर हलगी कडाडली. बळीरामनी कडक सॅल्यूट ठोकला. एवढा आनंद मला कुठल्याच परेडला झाला नव्हता.

सत्काराच्या वेळी मामांनी विचारलं, "हे कुठं शिकलास रे?"

मी चांदणीची सगळी हकीकत सांगितली, माझ्या चुकीसकट. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बळीरामनी स्वतः ब्रश घेऊन बोट एकवर नाव रंगवलं, चांदणी. दर पावसाळ्यात ती पाण्यात उतरते तेव्हा तिचा दोर मीच सोडतो.