गेटवरची बाई दुपारी कुठं जायची

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही तर साधी चोरी होती. आरोपी सापडला, मुद्देमाल मिळाला, वरून शाबासकीही आली. तरी आठवण झाली की राग येतो, आणि तो कुणावर काढायचा याचा विचार करताना आधी माझंच नाव समोर येतं.

मी तेव्हा लातूरच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. हद्दीत शिकवणीचे क्लास आणि पोरापोरींची होस्टेलं खच्चून भरलेली. अशाच एका मुलींच्या होस्टेलमधून भरदुपारी लॅपटॉप आणि मोबाईल गेले. मुली क्लासला गेल्या होत्या. खोल्यांच्या कड्या उचकटलेल्या होत्या. गेटवर कॅमेरा होता, पण तो पालकांना दाखवण्यापुरता. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

गेटवर एक सिक्युरिटी गार्ड बाई होती. जळकोटकडची, चाळिशी ओलांडलेली. साडीवरून एजन्सीचा पुरुषी मापाचा निळा शर्ट. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, सुट्टी नाही. आजारी पडली तर बदली माणूस तिनंच द्यायचा.

पंचनामा उरकतोय तोच एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला.

"साहेब, बाहेर कशाला शोधताय? बाईलाच उचला. रोज दुपारी गेट सोडून गायब होते. कुणीतरी हाय तिचं. बघा तुम्ही."

खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, हे पोलिसानं आधी बघायचं असतं. नव्या पोरांना मीच हे शिकवत असे. त्या दिवशी स्वतः विसरलो.

बाईला ठाण्यात आणलं.

"दुपारी कुठं होतीस?"

"हितंच हुते सायेब."

"गेटवर नव्हतीस. समोरचा किराणावाला सांगतोय. रोज कुठं जातेस?"

"जाते जरा."

"जरा म्हणजे कुठं?"

आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, बाई मंगळावर जात आसंल. लवकर वापस येती म्हणून पगार चालू हाय." सगळे हसले. मीही हसलो.

आमच्या खात्यात एक जुना समज आहे. खोटं बोलणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, तो सारखं पाणी मागतो. या बाईनं ठाण्यात आल्यापासून पाण्याला हात लावला नव्हता. चहा दिला, तो गार होऊन त्यावर साय धरली. मी मनाशी म्हटलं, ही कच्ची नाही, कुणीतरी पढवलेली आहे.

म्हणून तिच्या नवऱ्याला बोलावलं. तो दालमिलमध्ये हमाली करायचा. भुवयांवर डाळीची धूळ तशीच होती. त्याला समोरच्या बाकावर बसवून मी तिला म्हटलं, "कुणाला भेटायला जातेस, ते आता यांच्यासमोरच सांग."

हा तपासाचा प्रश्न नव्हता. माणूस मोडायचा असला की आम्ही घरच्यांसमोर त्याची अब्रू काढायचो आणि त्याला चौकशी म्हणायचो.

नवरा म्हणाला, "बोल की. कुणाला?"

तिनं तोंड उघडलं नाही. तो उठला, माझ्याकडंही न बघता निघून गेला.

तेव्हा बाजूला बसलेली आमची महिला शिपाई पुढं आली. "साहेब, मी हिला जरा मागं नेते." दोघी बऱ्याच वेळानं आल्या. बाई आल्याबरोबर समोरचा ग्लास उचलून घटाघटा पाणी प्यायली. शिपाई मला दाराशी घेऊन गेली. आवाज हळू होता, पण त्यात धार होती.

"लघवीला जाते साहेब. दुसरं काय न्हाई."

"म्हणजे?"

"होस्टेलचा संडास तिला बंद हाय. मालक म्हणले, आत पाय ठेवायचा न्हाई, पोरींच्या वस्तू असतेत. सुपरवायझर म्हणला, तुझं तू बघ. मागच्या गल्लीत अर्धी बांधलेली बिल्डिंग हाय, तिथं जाते. दिवसभर पाणी पीत न्हाई. आमी बंदोबस्ताला पीत न्हाई तसं. तुमी कधी इचारलं का, आमी का पीत न्हाई?"

मी विचारलं नव्हतं.

पुढचं बाईनंच सांगितलं. त्या दुपारी ती त्या बिल्डिंगच्या जिन्यात होती. होस्टेलला पाण्याचे जार पोचवणारा माणूस एरवी सकाळी यायचा. त्या दिवशी तो भलत्या वेळी आला होता आणि मागच्या दारातून गोणी काढून आपल्या तीनचाकीत टाकत होता.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुठून बघितलं, आसं तुमी इचारलं असतं न्हवं."

त्याच आठवड्यात आम्ही जारवाल्याला नांदेडला, जुने मोबाईल घेणाऱ्या एका दुकानासमोर पकडलं. फार मारझोड लागली नाही. तो सरळ म्हणाला, "साहेब, आख्ख्या गल्लीला म्हाईत हाय. बाईला जायला जागा न्हाई. ती गेली की गेट मोकळं. म्या रोज बघत हुतो."

चोराला माहीत होतं. मालकाला माहीत होतं, सुपरवायझरला तर होतंच; तरी त्यानं मला "कुणीतरी हाय तिचं" असं सांगितलं. आणि मी वर्दीवर स्टार लावून तिच्या नवऱ्याला बाकावर बसवलं.

होस्टेलचा मालक पेढे घेऊन आला. "साहेब, लई उपकार झाले. तेवढं संडासाचं कागदावर नको. पालक बघतेत, पेपरवाले बघतेत. ॲडमिशनचे दिवस हायत." पेढे ठाण्यात वाटले गेले. मीही खाल्ला. खरं सांगायचं तर मला त्याच्या विनंतीची गरजही नव्हती. बाईच्या लघवीबद्दल सरकारी कागदावर लिहिणं मलाच शोभेना. मी दोषारोपपत्रात लिहिलं, "सदर महिला वैयक्तिक कामासाठी गेट सोडून गेली असता." एजन्सीनं तेच शब्द दाखवून तिला कामावरून काढलं.

पुढं एक दिवस ती ठाण्यात आली.

"सायेब, वैयक्तिक काम आसं का लिवलंत? नवरा म्हणतोय, पोलिसानं बी लिवलंय, काम हुतं म्हणून. घरात हाय, पण बोलत न्हाई माज्याशी. तुमी खरं काय ते लिवून द्या."

"तूच सांग की त्याला."

"माज्या तोंडाचं कोण ऐकतंय? कागदाचं ऐकतेत."

"दोषारोपपत्र कोर्टात गेलं बाई. आता बदलता येत नाही."

हे खोटं होतं. पुरवणी जबाब नोंदवता आला असता. पण त्यात मालकाचं वागणं आलं असतं, आणि मी नवऱ्यासमोर विचारलेला प्रश्नही आला असता. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

आता मी नांदेडला राहतो. दवाखाने, शोरूम, अपार्टमेंट, सगळीकडं गेटवर निळे शर्ट दिसतात. उन्हात प्लास्टिकची खुर्ची, हातात काठी. डुलकी लागली तर लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. गार्ड कुठं जातो, असं आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी विचारलं, तर एक शिकलेला गृहस्थ म्हणाला, "जातात की मागं कुठंतरी. त्यांना सवय असते." लाखो रुपयांच्या वस्तू राखायला आपण माणूस ठेवतो आणि त्याला एक दार उघडून देत नाही. त्यानं पाच मिनिटं जागा सोडली की मात्र कामचुकार म्हणतो.

चौकशीत गप्प बसणारं माणूस काहीतरी लपवतं, हे खरं. पण त्यामागची लाज अनेकदा दुसऱ्यानं त्याच्यावर टाकलेली असते, आणि ज्यानं टाकली तोच खबर द्यायला पुढं येतो. हे मला त्या बाईमुळं कळलं, आणि कळूनही मी एक ओळ दुरुस्त केली नाही.

ते दोघं आता कुठं आहेत, मला ठाऊक नाही. ज्याला ओळख पटेल त्यानं तिच्या नवऱ्याला पुढचं वाचून दाखवावं. तपास अधिकारी म्हणून हा माझा पुरवणी जबाब आहे.

सदर महिलेस मालकाने आवारातील शौचालय वापरू दिले नव्हते. एजन्सीस हे माहीत होते. त्यामुळे तिला रोज दुपारी शेजारच्या अर्धवट बांधकामात जावे लागत असे. चोरी त्या वेळेत झाली, आणि चोर तिच्याच माहितीवरून सापडला. तिने कामात कसूर केलेली नाही. ती कुणालाही भेटायला जात नव्हती.