डब्यातला रेशनचा तांदूळ

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे, माफी असावी. चौथीनंतर पेन सहीपुरताच हातात धरला. हे वाचणारं कोणी नाही, तरी लिहिते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. तो एका डब्यात जमतो, महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे आजाऱ्यांना जातात. आपण खातो त्यातलं बरं ते देवाला द्यायचं, असं ठरलेलं. माझी खोली चर्चजवळ, म्हणून डबा माझ्याकडे असायचा.

यांना चाकणच्या कंपनीतून ब्रेक मिळाला. कंत्राटी माणसाला ब्रेक म्हणजे घरी बसणं. खोलीभाडं थकलं. एका गुरुवारी दुपारी लाईट गेली होती. मी दार लावलं, खिडकीवर चादर टाकली आणि डब्यातला अर्धा चांगला तांदूळ पिशवीत भरला. त्याच्या जागी आमचा रेशनचा ओतून ढवळला. चांगला तांदूळ खानावळीला विकला. देवाला बघायला जणू लाईटच लागते! पुढचे काही महिने तेच करत राहिले.

मग एका लिलावात एका काकूंनी ओंजळ भरून तांदूळ पाहिला. रेशनचे पिवळट दाणे लगेच ओळखू येतात. सगळ्यांच्या नजरा एका म्हाताऱ्या मावशींकडे वळल्या. त्या एकट्या राहतात, रेशनवरच भागवतात. काकू म्हणाल्या, "मावशी, देवाचंपण रेशनकार्ड काढलं का हो?"

बायका हसल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "न्हाई गं, देवाचा मी इकत आणते."

कोणाला ते खरं वाटलं नाही. मी खाली बघून डब्याचं झाकण लावलं. पुढच्या रविवारपासून मावशी यायच्या बंद झाल्या.

पाळकसाहेब एकदा शास्त्रातून सांगत होते की देवाला अंधार आणि उजेड सारखाच, झाकलेलं सगळं एक दिवस उघडं पडतं. तेव्हापासून मी शिक्षेची वाट बघत होते. मुलीला ताप आला की वाटायचं, आली. पण ताप उतरायचा. यांना कामही परत मिळालं. तेव्हा मी जास्तच घाबरले. माझी शिक्षा मावशी भोगत होत्या.

शेवटी त्यांच्या घरी गेले आणि रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या कानात सांगून काय उपेग? हसल्या त्या समद्यांम्होरं. तितंच सांग."

उपासनेत सगळ्यांपुढे साक्ष द्यायला मी जन्मात उभी राहिले नव्हते. त्या रविवारी उभी राहिले. मावशीही आल्या होत्या. "रेशनचा तांदूळ माझा होता. मावशींचा नव्हता," एवढंच बोलता आलं. काकू उठून मावशींशेजारी जाऊन बसल्या. डबा माझ्याकडून काढून घेतला, ते बरोबरच झालं.

रावेतच्या एका सोसायटीत जिने पुसायचं काम धरलं. बाकीचे अर्पण पाकिटात घालून देतात. मी मात्र दर महिन्याला विकलेल्या तांदळाचे पैसे थोडे थोडे करून अर्पणाच्या थाळीत उघडेच ठेवत गेले. कोणी माझ्याकडे बघितलं की मान खाली जायची, अजूनही जाते.

मागच्या रविवारी थाळी मावशींनी धरली होती. मी शेवटच्या नोटा ठेवल्या. सगळे पैसे फिटले.