नावापुढे ‘गेले’

आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. पायाला नाही, डोक्याला आहे. काम हातात आलं की ते हातावेगळं होईपर्यंत मला अन्न गोड लागत नाही, आणि घाईत करून ठेवलेलं मग निस्तरत बसावं लागतं. त्या गेटच्या कामात तेच झालं.

शिरगावहून मी रोज स्कूटरने बोईसरला जाते. आमचं छोटं ऑफिस कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. तारापूरच्या एका केमिकल कारखान्याला प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये टॅग बसवून हवा होता. गेटवरचा रीडर तो टॅग लांबूनच वाचतो आणि कोण आत, कोण बाहेर हे माझा प्रोग्रॅम ठरवतो. हजेरी हे निमित्त. खरं काम वेगळं होतं: गॅस सुटला, भोंगा वाजला, तर आत कोण राहिलंय हे त्याच क्षणी कळायला हवं. राहिलेल्याला शोधायला तोंडाला मास्क आणि पाठीला हवेचं सिलिंडर लावून जे आत शिरतात, त्यांच्यात माझा सख्खा मोठा भाऊ आहे. यादी माझी चुकली तर भोगायचं दादाने, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

गेटवर एक टीव्ही लावला होता. माणूस रीडरपुढून गेला की त्याचं नाव त्यावर यायचं आणि पुढे ‘इन’ किंवा ‘आउट’. कारखान्याला ते मराठीत हवं होतं. मी पाच मिनिटांत लिहून टाकलं, आले आणि गेले. बायकांसाठी आल्या, गेल्या. आदरार्थी केलं, लिंगही सांभाळलं, म्हणून स्वतःवर खूशही झाले.

पहिल्याच दिवशी दादा जेवताना म्हणाला, “अगं, सुटून बाहेर पडलो तर टीव्हीवर माझं नाव आणि पुढं ‘गेले’. मेलो काय मी?”

आईचा वाढता हात थांबला. आमच्या घरात उंबरा ओलांडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणायचं. घाईत माझ्या तोंडून ‘जाते गं’ निघालं तर ती मला स्कूटरवरून उतरवून परत म्हणायला लावते. हे सगळं माहीत असून मी चिडले. मशीन आहे ते, त्याला काय कळतंय शुभ-अशुभ, पुढच्या महिन्यात बदलते, म्हटलं. तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

त्याच दिवसांत नोंदींमध्ये एक नाव मला छळायला लागलं. पॅकिंगमधल्या एक मावशी, डोंगराकडच्या पाड्यावरून येणाऱ्या. रोज आत यायच्या आणि बाहेर कधी पडायच्याच नाहीत. मी त्यांचा टॅग दोनदा बदलला, रीडरचं तोंड वळवून पाहिलं. तिसऱ्यांदा डोकं फिरलं आणि मी एक नियम लिहिला: रात्री बारानंतर जो कोणी आत दिसेल तो गेला असं धरावं. मावशींना जाऊन विचारावं हे काही सुचलं नाही. चुकीवर पांघरूण घातलं आणि पुढच्या कामाला लागले.

मग एका दुपारी साडेतीनला भोंगा वाजला. केबल बदलायला मी गेटवरच होते. पहिली पाळी तीनला सुटली होती, दुसरीतली माणसं धावत बाहेर येत होती. टीव्हीवर गेले, गेले, गेल्या. दादाच्या हातातल्या टॅबवर एकच नाव आत उरलं. मावशींचं.

“यादी बरोबर हाय ना?” दादाने विचारलं.

नाही म्हणावं आणि त्या खरंच आत असल्या तर? “बरोबर आहे,” मी म्हटलं. त्याने मास्क चढवला आणि आत गेला.

मी दिसेल त्याला विचारत सुटले. एक वॉचमन म्हणाला, “वो मौसी? वो तो तीन बजेही माल गेट से निकल गई. रोज उधर से ही जाती है.” माल गेटला आमचा रीडर नव्हता. धावत तिकडे गेले, तर मावशी चिंचेखाली रिक्षाची वाट बघत बसलेल्या, हेल्मेट मांडीवर. मी अंगावर ओरडलेच त्यांच्या, पुढच्या गेटने का नाही गेलात म्हणून.

“तुमचा टीवी मला ‘गेल्या’ बोलतो,” त्या म्हणाल्या. “माझा घरवाला गेला तवा डाक्टर पन असाच बोलला, गेले. मी नाय त्याच्यापुढून जायाची. घरी दोन पोरी हायत माझ्या.”

मी परत गेटवर धावले, मावशी बाहेर आहेत म्हणून सांगितलं. दादाला वायरलेसवर बोलावणं गेलं, उत्तर आलं नाही. मी टीव्हीखाली उभी राहिले. गेट रिकामं होतं. मी आईला काय सांगणार होते?

रीडर लांबून वाचतो, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी नाव दिसतं. टीव्हीवर दादाचं नाव उमटलं आणि पुढे ‘गेले’. वळणावरून तो चालत येईपर्यंत तीन-चार सेकंद लागले असतील. तेवढा वेळ मी माझंच लिहिलेलं वाचत उभी होते.

डोळे लाल, खोकला, बाकी धड होता. त्याचं वायरलेस आत पडलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं.

त्याच संध्याकाळी गेटच्या पायरीवर बसून मी शब्द बदलले. ‘गेले’च्या जागी येतो, ‘गेल्या’च्या जागी येते. रात्री बाराचा नियमही काढला. सुपरवायझर डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, जाने वाले के आगे ‘येतो’ क्यों?” त्याला नीट समजावता आलं नाही. मावशींना मात्र काही समजवावं लागलं नाही. शब्द बदललाय म्हटल्यावर पुढच्या वेळी सुटून त्या पुढच्या गेटने आल्या, टीव्हीसमोर थांबल्या, अक्षर लावून वाचलं, “येते हां,” म्हणाल्या आणि रिक्षाकडे निघाल्या.

माझी भिंगरी काही थांबलेली नाही. सुटीच्या दिवशीही दादाची पाळी सुटायची वेळ झाली की मी फोन घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालते. आई वाळलेले बोंबील गोळा करता करता विचारते, “निघाला काय गं तो?”

मी फोनवर गेटची यादी बघते. “येतो म्हणालाय,” सांगते, आणि मग बसते.